कोण बघायला येतं? : अमेरिकेतल्या सॉकरच्या गर्दीत

अमेरिकेहून परत आल्यापासून लोक मला दोनच गोष्टी विचारतात. थंडी किती होती आणि न्यूयॉर्क कसं आहे. थंडी सोसवेल इतकी होती. न्यूयॉर्क मी पाहिलं नाही. उंच पुतळा, मोठा धबधबा, यातलंही काही पाहिलं नाही. कंपनीने मला जिथे प्रशिक्षणासाठी पाठवलं होतं तो त्या देशाचा मधला भाग. मक्याची शेतं, सरळसोट हायवे आणि दोन्ही बाजूंना गोडाऊनच गोडाऊन. विमान खाली येताना पांढरी लांबलचक छपरं दिसली आणि क्षणभर वाटलं, एवढे तास उडून आपण पुन्हा भिवंडीच्या काल्हेरलाच उतरतोय.

म्हणून ज्यांना तिथली प्रेक्षणीय स्थळं वाचायची असतील त्यांची निराशा होईल. मी तिथे एकच गोष्ट डोळे उघडे ठेवून पाहिली, ती म्हणजे फुटबॉल बघणारी माणसं. आणि ती पाहायला मी मुद्दाम, हट्टाने गेले होते. कंपनीचं आणि शहराचं नाव लिहायची परवानगी नाही, तेवढं सोडून बाकी सगळं जसं पाहिलं तसं लिहिते.

निघण्यापूर्वी, पडघा

हट्टाचं कारण आधी सांगायला हवं.

माझा जन्म भिवंडीतल्या कामतघरच्या चाळीतला. वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते. घरात पहिली पदवी माझी, आणि त्या पदवीसाठी वडिलांनी किती डबल ड्युट्या केल्या ते मला माहीत आहे. कॉलेजात मुलींच्या फुटबॉल संघाला अकरा जणी मिळेनात म्हणून सरांनी मलाही धरून नेलं. तिथून तो खेळ अंगात शिरला. आता मी काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये स्टॉक सुपरवायझर आहे, राहते पडघ्याला, आणि दर रविवारी तिथल्या शाळेच्या मैदानावर मुलींना फुटबॉल शिकवते. पगार नाही, मागितलाही नाही. माझ्या मुली बहुतेक आसपासच्या आदिवासी पाड्यांवरच्या आहेत. डोंगर चढून-उतरून तयार झालेले पाय आहेत त्यांचे.

शाळेच्या समितीच्या अध्यक्षांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. त्यांनी आम्हाला मैदान दिलं ते एका अटीवर. मुली चड्डी घालून खेळणार, तेव्हा फाटक बंद. पुरुष माणसाने आत यायचं नाही, मुलीचा बाप असला तरी नाही. हे त्यांनी काळजीपोटीच ठरवलं होतं आणि आम्हा सगळ्यांना ते रीतसरच वाटत होतं.

मी निघण्याच्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. मैदानावर जाळी लावून क्रिकेटचं टर्फ करायचं चाललं होतं.

"खेळाला माझा विरोध नाही मॅडम," ते म्हणाले. "पण तुमच्या फुटबॉलला बघायला कोण येतं? टर्फ झालं की संध्याकाळी लाइट लावू, हायवेवरची पोरं गाड्या घेऊन येतील. पडघ्याचं नाव होईल."

"मुलींनी कुठे खेळायचं?"

"मुलींना लंगडी आहे, रिंग आहे. छान खेळ आहेत."

"दिवाळीपर्यंत थांबा," मी म्हणाले. "मी येईपर्यंत तरी."

"थांबतो. पण अमेरिकेला जाताय तर तिथेही विचारून या. तिथे तर आपला फुटबॉल कुणी कुत्रंसुद्धा बघत नाही. हातात घेऊन पळतात तो त्यांचा फुटबॉल. माझा भाचा आहे तिकडे."

"बघून येते," मी म्हणाले.

गोडाऊनचं कँटीन

भाचा खोटं बोलला नव्हता, हे पहिल्याच दिवशी कळलं. तिथे फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूचा, खांद्यावर गाद्या बांधून खेळायचा खेळ. आपल्या फुटबॉलला ते सॉकर म्हणतात. कँटीनमध्ये माझ्यासमोर मार्कस बसायचा. माल उतरवायच्या धक्क्यावरचा सुपरवायझर, आडवातिडवा, आवाज ट्रकच्या हॉर्नसारखा.

"सॉकर?" तो म्हणाला. "दोन तास पळायचं आणि शेवटी शून्य-शून्य. आमच्या घरात टीव्हीवर ते लागलं तर माझा बाप रिमोट शोधायचा."

मी म्हणाले, "म्हणजे इथे कुणीच बघत नाही."

"असं कोण म्हणालं? मी बघतो."

शेजारी कॅरल बसली होती. साठीच्या आसपासची, बिलं तपासणाऱ्या विभागात, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. ती हसली. "हा आता पहाटे उठून इंग्लंडचे सामने बघतो. आणि धक्क्यावरच्या पोरांना सांगतो की बायकोने भांडी घासायला उठवलं."

मार्कसने डब्यातलं सँडविच तोंडात कोंबलं आणि मला म्हणाला, "शनिवारी सकाळी तयार राहा. दाखवतो."

शनिवार सकाळ

आमच्या हॉटेलपासून थोड्या अंतरावर एक बाग होती. बाग म्हणजे झोपाळे-घसरगुंडी असेल असं मला वाटलं होतं. पाहते तर हिरवंगार मोकळं रान, आणि त्यात चुन्याच्या रेषा मारून एकाला एक लागून फुटबॉलची मैदानं. सगळ्यांवर एकाच वेळी सामने. काही मुली गुडघ्याएवढ्या, काही माझ्यापेक्षा उंच. गवतावर दव होतं आणि माझ्या चपला पार भिजल्या.

मी सवयीने विचारलं, "फाटक कुठे आहे?"

"कसलं फाटक?" मार्कस म्हणाला.

मला समजावून सांगता येईना. मैदानाच्या कडेने घडीच्या खुर्च्यांची रांग लागली होती. प्रत्येक खुर्चीत कुणाची तरी आई, कुणाचा बाप, आजोबा. हातात कॉफी, मांडीवर चादर. मुली चड्डी घालून धावत होत्या आणि बाप बघत होते. कुणी मान खाली घातली नव्हती. एका बापाने संत्र्याच्या फोडी करून आणल्या होत्या आणि मध्यंतरात तो त्या आपल्याही मुलींना देत होता, समोरच्याही. हे बघताना मला सविता आठवली. ती आमची गोलकीपर, पाड्यावरून चालत येते. तिच्या बापाने तिला कधी खेळताना पाहिलं असेल का, हा प्रश्न मला तोपर्यंत पडलाच नव्हता.

मार्कसची मुलगी उजवीकडून खेळत होती. तो तिला खुर्चीतून सूचना देत होता, त्याही साऱ्या बागेला ऐकू जातील अशा. थोड्या वेळाने पंच त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. शाळकरी मुलगीच ती, दातांना तार लावलेली.

"सर, आणखी एकदा ओरडलात तर गाडीत जाऊन बसावं लागेल."

"सॉरी मॅम," मार्कस म्हणाला आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसला.

मध्यंतरात मी त्याला विचारलं की रिमोट शोधणाऱ्या बापाचा मुलगा इथे कसा आला. तो म्हणाला, "आधी मी गाडीतच बसायचो. हिला सोडायचं, सीट मागे करायची, झोपायचं. मग एका हिवाळ्यात गाडीचा हीटर गेला. आत थंडी, बाहेर ऊन. म्हणून खुर्ची घेऊन बाहेर बसलो. समोर चाललंय तर बघितलं. बघितलं तर कळायला लागलं. कळलं तर राग यायला लागला, की ही मोकळी उभी आहे आणि हिला पास का देत नाहीत. झालं."

आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतून अमेरिकेतल्या या खेळाच्या वाढीची मोठमोठी कारणं वाचायला मिळतात. परदेशातून आलेला जगप्रसिद्ध खेळाडू, टीव्हीचे करार, विश्वचषक. ती सगळी खरी असतील. मला मात्र त्या सकाळी बिघडलेला हीटर जास्त पटला. ज्याला कडेला बसायला मिळालं त्यालाच पुढे स्टेडियमचं तिकीट काढावंसं वाटतं. आमच्याकडे कुणाला कडेला बसू दिलंच नव्हतं. आणि ज्यांनी फाटक लावलं तेच मला विचारत होते की बघायला कोण येतं.

त्या दिवशी मला फार राग आला. बरं वाटलं राग आल्यामुळे.

स्टेडियमच्या पार्किंगमध्ये

पुढच्या शनिवारी कॅरलने मला शहरातल्या क्लबच्या सामन्याला नेलं. सामना संध्याकाळी, आणि आम्ही दुपारीच पोहोचलो. मला वाटलं रांगेसाठी. पण तिथली रीत वेगळी. लोक गाड्या लावतात, डिक्की उघडतात आणि तिथेच शेगडी मांडून स्वयंपाक करतात. आमच्या पडघ्याच्या हायवेवर ट्रकवाले दुपारी ट्रकच्या सावलीत स्टोव्ह पेटवतात तसंच, फक्त इथे गरज नव्हती, हौस होती. क्लबचा रंग शेंदरी. टोप्या, मफलर, लहान बाळांचे मोजे, सगळं शेंदरी. आमच्या वेशीवरच्या मारुतीला शोभेल असं वातावरण.

मी शनिवारी मांस खात नाही. हे सांगितल्यावर कॅरलच्या ओळखीच्या लोकांची धावपळ झाली, आणि शेवटी मला शेजारच्या गाडीकडे नेलं. तिथे एक मेक्सिकन कुटुंब मक्याची कणसं भाजत होतं. त्या घरच्या माणसाने कणसावर लिंबू पिळलं, तिखट भुरभुरवलं आणि माझ्या हातात दिलं. त्यावर थोडं चीजही होतं, पण खाली चव अगदी आमच्या माळशेज घाटातल्या कणसाची. मी त्याला तसं सांगितलं. त्याला घाट कळला नाही, तिखट कळलं. त्याने आणखी घातलं.

मी त्याला विचारलं, "अमेरिकेत सॉकर एवढा कसा वाढला?"

तो निखारे सारखे करत होता. "वाढला?" तो म्हणाला. "मी इथे आलो तेव्हापासून दर रविवारी आम्ही कारखान्याच्या मागे खेळतोय. माझा भाऊ, त्याचे मेहुणे, सगळे. खेळ होताच बाई. यांनी आत्ता मान वळवली."

त्याच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं. कॅरलकडे बघून तो म्हणाला, "ही सोडून. हिने आधीच वळवली होती."

उभं राहण्याची जागा

आता माझी एक फजिती. कॅरल बाहेर कुणाशी तरी बोलत राहिली आणि मला म्हणाली, तू आत हो, आपली रांग धर. गोलच्या मागची बाजू. मी गेले. माणसं अजून तुरळक होती. जागा धर म्हटल्यावर मला एकच पद्धत माहीत. भिवंडीच्या एसटी स्टँडवर लहानपणापासून जी केली ती. मी एका बाकावर रुमाल टाकला, दुसऱ्यावर मफलर, तिसऱ्यावर कंपनीने दिलेली टोपी, चौथ्यावर कणसाचा कागद, आणि मध्ये स्वतः ऐसपैस बसले. आलेल्या प्रत्येकाला हाताने सांगत होते, आहे, इथे माणूस आहे.

लोक माझ्याकडे बघत आणि पुढे सरकत. मग गळ्यात ढोल अडकवलेला एक दाढीवाला आला. त्याने रुमाल उचलला, घडी घालून माझ्या हातात दिला. मफलर रेलिंगला बांधला. टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "इथे कुणी बसत नाही."

"सामना सुरू झाल्यावर?"

"कधीच नाही."

खरंच त्या बाजूला पूर्ण सामना कुणी बसलं नाही. बाक होते ते उभं राहायला. आणि ओरडणं कसलं, एक माणूस मैदानाकडे पाठ करून उभा होता आणि इतरांकडून गाणी म्हणवून घेत होता. त्याने सामना पाहिलाच नाही. आमच्याकडे भजनात टाळ धरून एकजण मध्ये उभा राहतो आणि बाकीचे त्याच्या मागे म्हणतात, तसा. ढोल एका ठेक्यात चालला होता. लूमच्या आवाजात वाढलेल्या माणसाला त्या गोंगाटात झोपसुद्धा लागली असती, पण त्या संध्याकाळी मी पापणी मिटली नाही.

स्टेडियम भरलेलं होतं. भाऊसाहेबांच्या भाच्याला बोलावून दाखवावं असं भरलेलं. मोबाइलमध्ये फोटो काढले ते आधी त्यांनाच पाठवले, खाली काही न लिहिता.

गोल होईना. कॅरल शेजारी उभी होती, रेलिंगला धरून. मी विचारलं, "तू कधीपासून येतेस?"

"क्लब निघाला तेव्हापासून. तेव्हा आम्हाला स्वतःचं मैदान नव्हतं. त्या दुसऱ्या फुटबॉलचं प्रचंड स्टेडियम भाड्याने घ्यायचे. मैदानावर त्यांच्या रेषा आखलेल्या, त्याच्यावर आमच्या. खेळाडूंनाही कळायचं नाही की आपली कुठली. आणि एका कोपऱ्यात आम्ही मूठभर. आमच्या टाळ्यांचा आवाज समोरच्या रिकाम्या खुर्च्यांवर आपटून परत यायचा."

"लाज नाही वाटली?"

"राग यायचा. राग आला की थंडी वाजत नाही."

"आता लोक म्हणतात तो मोठा खेळाडू आला म्हणून सगळे बघायला लागले."

"म्हणू देत. येणाऱ्याला येऊ देत. मी त्याच्या आधीपासून उभी आहे, तो गेल्यावरही असेन."

तेवढ्यात आमच्या बाजूच्या गोलसमोर गर्दी झाली. चेंडू एकाच्या नडगीला लागून आत गेला. इतका ओबडधोबड गोल मी माझ्या मुलींना मारू देणार नाही. पण आमच्या रांगेवर कुणीतरी पेला उडवला, मी डोक्यापासून भिजले, आणि दाढीवाल्याने ढोल टाकून मला आणि कॅरलला एकदमच कवटाळलं. परपुरुषाने अशी मिठी मारली हे घरी सांगू नये असं मनात आलं. सांगितलं मात्र. आई म्हणाली, "गोल झाला होता ना, मग काय."

खोटं लिहायचं नाही म्हणून हेही लिहिते. दुसऱ्या दिवशी रविवार, आणि साऱ्या शहरात, हॉटेलच्या लॉबीपासून पेट्रोल पंपापर्यंत, प्रत्येक पडद्यावर तो लांबट चेंडूचाच खेळ चालू होता. राजा अजून तोच आहे. मार्कससुद्धा तोच बघत होता. सॉकर तिथे अजून शेजारच्या खोलीत राहणारा भाडेकरू आहे. पण त्याने घर सोडलं नाही, एवढं मी पाहून आले. पहिल्यांदा आली ती थोडी हट्टी माणसं, आणि मोजणाऱ्याला दिसत नाही म्हणून ती काही घरी निघून गेली नाहीत.

परत पडघ्यात

मी आले तेव्हा भातकापणी सुरू झाली होती. मैदानावर गोलचे खांब अजून उभे होते. दोन्ही बाजूंचे, बांबूचे, आम्हीच रोवलेले.

मी भाऊसाहेबांना भेटले. "रविवारी मॅच ठेवली आहे. कामतघरच्या मुली येणार. बघायला माणसं येतील."

"कोण माणसं?"

"मुलींचे आईबाप. फाटक उघडं ठेवणार आहे मी."

"पुरुष माणसं आत?"

"त्यांचे वडील आहेत ते."

ते पेपर चाळू लागले. "फोटो पाहिले तुमचे," म्हणाले. "पण ती अमेरिका आहे मॅडम. इथे तसं होत नाही." हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

मी पाड्यावर गेले. सविताचे वडील चंदरदादा खळ्यात भात झोडत होते. कापणी नसली की ते एका गोडाऊनवर माल चढवायला जातात.

"कापणी हाय मॅडम," ते म्हणाले.

"सकाळीच आहे. तेवढ्यापुरतं या."

"पन आमाला आत घेत न्हाईत ना. फाटक लावतात."

"या वेळी नाही लावणार. दादा, सविताला खेळताना पाहिलंय कधी?"

त्यांनी पेंढी खाली ठेवली. "एकदा कुंपनावरून बगितली. उडी मारली तिनं, आशी आडवी. मना वाटला पडली. तवर वॉचमननं हाकलला." सविता दारात उभी होती, ती घरात निघून गेली. "येतू," ते म्हणाले.

रविवारी सकाळी मी फाटक उघडलं आणि आत पाहिलं तर खांब नव्हते. शनिवारी माणसं आणून उपटून नेले होते. जागेवर खड्डे, त्यात दगड भरलेले. वॉचमन माझ्याकडे न बघता म्हणाला, "टर्फवाल्याला माप घ्यायचं होतं."

मी तिथेच उभी राहिले. रडू येईल असं वाटलं, आलं नाही. मागून लोक येत होते. पाड्यावरच्या बाया पोरांना कडेवर घेऊन, म्हातारे काठी टेकत, बाप धुतलेले शर्ट घालून. आत शिरताना प्रत्येकजण फाटकाशी थबकत होता आणि माझ्याकडे बघत होता, मी मान हलवली की पाऊल टाकत होता. कुणी प्लास्टिकच्या गोणी अंथरल्या. कामतघरच्या मुलींचा टेम्पो आला. रविवारी तिकडे लूम चालू असतात, बाप ड्युटीवर, म्हणून त्यांच्या आया आल्या होत्या, डबे-बाटल्यांसकट.

त्यांची कॅप्टन शबनम मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत म्हणाली, "मॅडम, गोल किधर मारने का?"

मी म्हणाले, "चपला ठेवू. दगड ठेवू."

"चपला सरकतात," सविता म्हणाली. "मंग भांडनं व्हतात."

चंदरदादा पुढे आले. खड्ड्याजवळ जाऊन त्यांनी दगडावर पाय दाबून पाहिला, आणि त्यावर उभे राहिले. "खांब न्हाय तं न्हाय. मी हाय ना. दुसऱ्या अंगाला कोन येतो?"

सविताची मावशी गेली. पलीकडच्या टोकाला पाड्यावरचा एक म्हातारा उभा राहिला, काठीसकट. त्याच्या जोडीला कुणी नव्हतं. शबनमची अम्मी उठली, बुरख्याची बाही सारखी केली. "एक तरफ मैं खड़ी हो जाती हूँ. लेकिन बॉल मुँह पे नहीं मारने का, पहले बता देती हूँ."

असा आमचा सामना सुरू झाला. पंच मीच. वरची दांडी कुठली धरायची यावर वाद झाला, तर खांबाने हात वर केल्यावर पोहोचेल तिथपर्यंत असं ठरलं, आणि लगेच आमच्या मुलींची तक्रार आली की शबनमच्या गोलचा म्हातारा ठेंगणा आहे. गोणींवरून लोक ओरडायला लागले. सुरुवातीला हळू, चोरून, मग मोकळे. कुणाला नियम माहीत नव्हते. चेंडू बाहेर गेला तरी टाळ्या पडत होत्या. मला अजिबात वाईट वाटलं नाही.

आमच्या बाजूचे खांब मात्र गप्प राहीनात. चंदरदादा जागचे हलत नव्हते, पण तोंड चालू. "सविता, डावीकं. अगं डावीकं बग."

"मॅडम, इनका खंबा बात कर रहा है," शबनम म्हणाली.

मी त्यांना ताकीद दिली. त्यांनी ओठ मिटले.

मग शबनमने लांबून जोरात मारला. सविता आडवी झाली, बोटं लागली, चेंडू फिरला आणि चंदरदादांच्या पायाला घासून गेला. आतून की बाहेरून, मला दिसलं नाही. कामतघरच्या मुली गोल म्हणून नाचायला लागल्या. आमच्या मुली बाहेर, बाहेर. दोन्हीकडच्या आया उठून उभ्या राहिल्या. सविता धुळीत पडल्या पडल्या बापाकडे बघत होती.

मी चंदरदादांना विचारलं. दुसरं कुणाला विचारणार?

ते पोरीकडे बघेनात. "आतून गेला," म्हणाले. "नडगीला चाटून, पन आतून."

"बाबा, तुमी कोनाचे हाव?"

"आता मी खांब हाय," ते म्हणाले.

मी शिट्टी वाजवली, गोल दिला. तेव्हा फाटकात भाऊसाहेब उभे असलेले दिसले. कधी आले कळलं नाही. त्यांच्याबरोबर मोजपट्टी घेतलेला टर्फवाला होता. ते मैदान बघत नव्हते, गोणींवर बसलेली माणसं बघत होते. मग चंदरदादांच्या जवळ येऊन म्हणाले, "अरे चंदर, असे किती वेळ उभे राहणार तुम्ही?"

चंदरदादांनी मान वळवली नाही. चेंडू मध्यावर गेला होता आणि सविता उठून धूळ झटकत होती.

"मॅच संपस्तोवर," ते म्हणाले. "आनि पुडच्या रव्वारी परत येऊ. तुमी जरा बाजूला व्हा साहेब, तिला बॉल दिसत न्हाय."

भाऊसाहेब बाजूला झाले. मी शिट्टी वाजवली.